एकल्याक एक पुरो? डब्यातल्या सूपचा मापासकट रिव्ह्यू

हा रिव्ह्यू चवीचा कमी आणि मापाचा जास्त आहे हे आधीच सांगून टाकतो, कारण टोमॅटो सूप शेवटी टोमॅटो सूपच असतं, थोडं गोड थोडं आंबट, त्यात कुणी काय मोठे दिवे लावणार. माझा प्रश्न वेगळाच होता. एका माणसाला एका वेळी डब्यातलं सूप नक्की लागतं किती? अर्धा डबा, अख्खा, की दीड? दुकानात विचारलं तर एक उत्तर, डब्यावर दुसरं, आणि आईला फोन केला तर तिसरंच.

मी नोकरीला पणजीत, भाड्याची खोली ताळगावात, घर वाळपईला. शनिवार-रविवार घरचं जेवण, बाकी पाच दिवस देवाच्या भरवशावर. आणि जुलैचा पाऊस म्हणजे काय ते गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद, त्यामुळे मासळी बाजारात जे काही येतं त्याचा भाव ऐकून माणूस तसाच परत फिरतो, खाणावळीच्या थाळीत रोज सुक्या बांगड्याचं किसमूर (खोबऱ्यात कालवलेली सुकी मासळी) नाहीतर अळसांदे (आमच्याकडची चवळी), आणि रात्री आठ वाजता रेनकोट निथळत खोलीवर आलं की कुकर लावायचा म्हटला तरी जिवावर येतं. अशाच एका संध्याकाळी सुपरमार्केटात शिरलो, इंपोर्टेड मालाच्या रॅकसमोर उभा राहिलो आणि दोन प्रकारचे डबे उचलले. नावं लिहीत नाही, कारण मला कंपनीशी भांडायचं नाहीये, आणि ज्याने गोव्यातल्या दुकानांचे ते रॅक बघितलेत त्याला डबे न सांगता कळतील.

काउंटरवरच्या काकांना विचारलं, एकट्याला किती लागेल हो? त्यांनी वर न बघताच सांगितलं, "एकल्याक एक पुरो रे." म्हणजे एकाला एक डबा पुरे. दोन डब्यांत एकमेकांपासून शंभर ग्रॅमचा फरक, एकात पाणी घालायचं, दुसऱ्यात नाही, पण काकांचं गणित सरळ, माणसाला डबा. मी मान डोलावली आणि बिल दिलं. इथेच फसलो.

पहिला डबा क्रीम ऑफ टोमॅटो, इंग्लंडकडचा, 400 ग्रॅम. झाकणाला रिंग, ओढली की उघडला, पातेल्यात ओतला, गरम केला, झालं. पाणी घालायचं नाही, तसाच प्यायचा. माझ्याकडे आमटीची स्टीलची वाटी आहे ती काठापर्यंत भरली की 150 मिली होते (चहाच्या मेजरिंग कपाने मोजून घेतलीये, हसू नका). डबा रिकामा केला तर अडीच वाट्या भरल्या आणि वर दोनेक चमचे. जे डब्याच्या तळाला चिकटून राहिलं ते बोटाने काढून चाटलं, ते मापात धरत नाही.

आता डब्यावर बघा काय लिहिलंय. पोर्शन म्हणजे अर्धा डबा. म्हणजे 200 ग्रॅम, म्हणजे माझ्या वाटीने सव्वा वाटी. पहिल्या रात्री मी इमानदारीत अर्धाच डबा गरम केला, बाकीचा काचेच्या बरणीत काढून फ्रिजमध्ये ठेवला, आणि सूप पिऊन झाल्यावर दहा मिनिटं तसाच बसून राहिलो की आता जेवायला काय आहे. कारण ते जेवण नव्हतंच. ती जेवणाआधीची सुरुवात होती, हॉटेलात मेन्यू बघत बसतात तेव्हाची. 100 ग्रॅमला पन्नासच्या आसपास कॅलरी धरल्या तर अर्ध्या डब्यात शंभर, म्हणजे एक चपाती, तीही पातळ. शेवटी नऊ वाजता रेनकोट परत घालून खाली जाऊन ऑम्लेट पाव खाऊन आलो.

दुसऱ्या रात्री अख्खा डबा आणि सोबत पोई, म्हणजे आमच्या गोव्याचा पाव. पोदेर (पाववाला) संध्याकाळी सायकलवरून पों पों करत जातो तेव्हाच दोन पोया घेऊन ठेवल्या होत्या. आणि इथे मला खरी गोष्ट कळली ती म्हणजे सूप किती लागेल हे पाव ठरवतो. पोई आतून पोकळ आणि वरून कोंडा लावलेली, तुकडा मोडून बुडवला की स्पंजासारखी पिते. मी वाडगा वजनकाट्यावर ठेवून खाल्लं, म्हणजे प्रत्येक घासाला काटा बघत, बाजूच्या खोलीतला रूममेट माझ्याकडे वेड लागल्यासारखा बघत होता. एका पोईबरोबर साधारण 110 ग्रॅम सूप गेलं. दोन पोया म्हणजे 220. उरलं पावणेदोनशेच्या आसपास, ते शेवटी वाडगा तोंडाला लावून प्यायलं. पोट व्यवस्थित भरलं, झोपताना जडही वाटलं नाही. उंड्याबरोबर करून बघितलं तर एवढं सूप जात नाही, त्याचा पापुद्रा कडक, आणि कातऱ्या पावाचं दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. तेव्हा 400 ग्रॅमच्या डब्याबाबत काका बरोबर, पण रात्रीचं जेवण म्हणून आणि सोबत दोन पोया असतील तरच.

दुसऱ्या डब्याने मात्र वाट लावली. हा अमेरिकेचा, छोटा, 305 ग्रॅम, कंडेन्स्ड म्हणजे आटवून घट्ट केलेला. दिसायला लहान म्हणून मला वाटलं हा तर नक्कीच एकाचा. रिंग नव्हती. कॅन ओपनर खोलीत कुठून असणार, एक क्षण विळीकडे बघितलं आणि आईचा चेहरा डोळ्यासमोर आला म्हणून खाली मालकिणीकडून ओपनर मागून आणला. पातेल्यात ओतला तर तो ओतलाच जाईना, डब्याच्या आकाराचा लालबुंद गोळा तसाच सरकत बाहेर आला, रेघा-रेघांसकट. मी तो तसाच गरम केला. पाणी घालायचं असतं हे डब्यावर लिहिलेलं होतं, पण आयात करणाऱ्याचा स्टिकर नेमका मागच्या बाजूला, पोषणाच्या तक्त्यावर आणि कृतीच्या अर्ध्या ओळींवर चिकटवलेला. स्टिकरवर सगळं आहे, हिरवा ठिपका, एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर, एमआरपी, आयात केल्याचा महिना, पण त्याच्याखाली काय झाकलं गेलंय याची फिकीर कुणाला? तीन चमचे खाल्ले आणि जिभेला मिठाचा असा चटका बसला की सॉसची बाटली तोंडाला लावल्यासारखं झालं. मग शांतपणे कोमट पाण्यात डबा बुडवून नखाने स्टिकर खरवडला. खाली लिहिलं होतं, एक डबा पाणी घाला. आणि त्याच्याही खाली, या डब्यात साधारण अडीच सर्व्हिंग.

अडीच! म्हणजे तिसरा माणूस अर्धा का?

हिशोब मांडला तर तो चुकीचा नाहीये. एक डबा सूप, तोच डबा भरून पाणी, एकूण 600 मिलीच्या आसपास, म्हणजे माझ्या चार वाट्या. एक सर्व्हिंग म्हणजे अर्धा कप घट्ट सूप, 120 मिली, त्यात तेवढंच पाणी, झालं 240. सहाशेला दोनशेचाळीसने भागलं की अडीच. गणित बरोबर, माणूस गायब. कारण जगात कुणीही 240 मिलीचे दोन वाडगे भरून उरलेलं 120 कुणाला तरी अर्धा वाडगा म्हणून देत नाही.

हा डबा असा का आहे याची एक गंमत आहे. कंडेन्स्ड सूप आणलं 1897 साली कॅम्पबेल कंपनीतल्या जॉन डॉरन्स नावाच्या केमिस्टने. तोपर्यंत सूपचा डबा म्हणजे 32 औंसांचं धूड, नऊशे ग्रॅमच्या वर, किंमत 30 सेंटपेक्षा जास्त, आणि त्यातलं बहुतेक पाणी. या पठ्ठ्याने पाणी काढून टाकलं, डबा 10 औंसांचा केला आणि 10 सेंटला विकला, पॅकिंग स्वस्त, वाहतूक स्वस्त, गोदामात जागा कमी. पाणी काय, गिऱ्हाईक घरी नळाचं घालेलच. म्हणजे डब्याचा आकार ठरला तो मालगाडीच्या आणि फळीच्या हिशोबाने, आणि घरी गेल्यावर त्यात दोन-तीन तोंडं भागायची. ताळगावात पावसात एकटा बसलेला माणूस त्या हिशोबात कुठेच नव्हता. माझं काही म्हणणं नाही, पण मग काकांनी तरी एकल्याक एक म्हणू नये.

अख्खा बनवून एकट्याने संपवायला हरकत काय असं कुणी म्हणेल, चार वाट्या काय फार नाहीत, पेज पिणारा गोंयकार आहे मी. हरकत मिठाची. माझ्या डब्यावर एका सर्व्हिंगला 480 मिलीग्रॅम सोडियम होतं. अमेरिकेच्या डब्यांवर सोडियम लिहितात आणि इंग्लंडच्या डब्यांवर सरळ मीठ लिहितात, त्यामुळे दोन डबे शेजारी ठेवून बघितले तर आकडे जुळत नाहीत आणि माणूस गोंधळतो. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. आता 480 गुणिले अडीच सर्व्हिंग म्हणजे 1200 मिलीग्रॅम सोडियम, त्याला परत अडीचने गुणलं की 3 ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमच्या आत राहायला सांगते. म्हणजे एका डब्यात निम्म्याहून जास्त कोटा गेला, आणि सकाळचं भाजी-पाव, दुपारचं किसमूर, लोणचं हे अजून मोजलंच नाही. 400 ग्रॅमवाल्यात 100 ग्रॅमला 0.6 ग्रॅम मीठ लिहिलं होतं, म्हणजे अख्ख्याला 2.4. तोही काही संत नाही, पण निदान एका जेवणाच्या हद्दीत बसतो. बाबांना बीपी आहे, त्यामुळे आमच्या घरात मिठाचा हिशोब आपोआप डोक्यात चालू होतो, तुम्हाला नसेल होत तर नशीबवान आहात.

तेव्हा कंडेन्स्डचं माझं माप असं बसलं, अर्धा डबा सूप आणि अर्धा डबा पाणी, म्हणजे दोन वाट्या, 300 मिली, आणि एक पोई, वर उकडलेलं अंडं. मीठ दीड ग्रॅम. कंपनीच्या सर्व्हिंगपेक्षा जरा जास्त, काकांच्या सर्व्हिंगपेक्षा बरोबर निम्मं. पाण्याऐवजी दूध घातलं तर आंबटपणा मरतो आणि पोटालाही आधार होतो, फक्त दूध घातल्यावर जोरात उकळू देऊ नका, फाटतं. माझं फाटलंय.

पण अर्ध्या डब्याची एक भानगड आहे. उरलेल्या अर्ध्याचं काय? उघडा डबा तसाच फ्रिजमध्ये ठेवायचा नसतो, काचेच्या नाहीतर स्टीलच्या भांड्यात काढायचा, हे मी पाळलं. डबा बंद असतो तोवर वर्षभर टिकतो कारण तो सील करून 120 डिग्रीच्या आसपास शिजवलेला असतो, आत जंतू उरत नाहीत. उघडला की ती सगळी जादू संपली, मग ते साधं शिळं सूप, दोन-तीन दिवसांचा खेळ. आणि पावसाळ्यात आमच्याकडे लाईट गेली की कधी कधी दुसऱ्या दिवशी सकाळी येते. माझी पहिली बरणी अशीच गेली, झाकण उघडल्यावर आलेला वास अजून नाकात आहे. त्यामुळे ज्याचा फ्रिज भरवशाचा नाही त्याने अर्ध्या डब्याच्या नादी लागू नये, सरळ अख्खा होईल असा छोटा डबा शोधावा नाहीतर रूममेटला बोलवावं. मी दुसरं केलं. तेव्हापासून तो वजनकाट्याबद्दल काही बोलत नाही.

रूममेट म्हणाला की हे वन बाय टू झालं. आणि खरंच की, आपल्याकडे सूपचं माप कधीचं ठरलेलं आहे. पणजीतल्या कुठल्याही हॉटेलात जा, चार जण बसले की दोन स्वीट कॉर्न, वन बाय टू. वेटरही विचारतच नाही, आधीच दोन छोट्या वाडग्यांत भरून आणतो. एक प्लेट दोघांत म्हणजे प्रत्येकी दीड वाटीच्या आतच, ते कप सूपचं पाकीट येतं ना, 150 मिली उकळतं पाणी घाला आणि ढवळा, त्याच्याच आसपास. म्हणजे जेवणाआधीचं सूप म्हणून आपल्याला एक-दीड वाटी पुरते, आणि त्या हिशोबाने इंग्लंडच्या डब्यावरचा अर्धा डबा अगदी बरोबर आहे. चूक डब्याची नाही, मी त्याला जेवण समजलो ती माझी.

तिसरा डबा विकतचा नाही. चुलतभाऊ क्रूझवर आहे, सुट्टीवर आला तेव्हा बॅगेत चॉकलेटांबरोबर एक चिकन-भाज्यांचा जाडजूड सूपचा डबा घेऊन आला, 533 ग्रॅम, पाणी घालायचं नाही, आत बटाट्याच्या आणि चिकनच्या अंगठ्याएवढ्या फोडी. यावर पोषणाचे दोन रकाने होते, एक कपाचा आणि एक अख्ख्या डब्याचा. मला हे फार आवडलं. अमेरिकेत 2016 साली लेबलांचे नियम बदलले, त्यांच्याकडे सूपचं प्रमाण माप 245 ग्रॅम धरतात, आणि डबा त्याच्या दुप्पट ते तिप्पट असेल तर दोन्ही आकडे छापावे लागतात. त्याहून छोटा असेल, समजा 15 औंसांचा, तर तो सरळ एका माणसाचाच धरायचा, कारण लोक एका बैठकीत संपवतात हे सरकारने मान्य केलं. आधी कंपन्या तोच डबा दोघांचा म्हणून दाखवू शकायच्या, म्हणजे कॅलरी आणि मीठ कागदावर निम्मं. शेवटी कुणाला तरी खरं माणूस दिसलं म्हणायचं.

तरी मी तो 533 अख्खा एकट्याने संपवला, अभ्यासाखातर. साडेतीन वाट्या. पोई अर्धीच गेली, फोडींनीच पोट भरलं, आणि रात्रभर उठून उठून पाणी प्यायलो. अख्ख्या डब्याच्या रकान्यात सोडियम बघितलं होतं, 2000च्या जवळ, म्हणजे दिवसाचं सगळं मीठ एका वाडग्यात. हा दोघांचाच डबा. सोबत पोई असेल तर पक्का दोघांचा.

शनिवारी उरलेला कंडेन्स्ड डबा घेऊन वाळपईला गेलो. आईने सव्वा वाटी सूप बघितलं आणि म्हणाली, "हे कुणाला, मांजराला?" मग तिने तिचं माप दाखवलं. आमच्याकडे सकाळी दहा-अकराला उकड्या तांदळाची पेज असते, ती करवंटीच्या डावाने वाढतात, माणशी तीन डाव, बाबांना चार. मी डाव मोजला, 160 मिली निघाला. तीन डाव म्हणजे 480. आईचं म्हणणं, पातळ गोष्टीने पोट भरायचं असेल तर एवढं लागतंच, आणि त्यात शीत पाहिजे, नुसत्या पाण्याने काय होणार. विचार केला तर बाईचं बरोबर आहे. 400 ग्रॅमचं सूप अधिक दोन पोया आणि तीन डाव पेज अधिक त्यातलं शीत, पोटात गेल्यावर दोन्ही एकाच घरची. फरक एवढाच की पेजेला मीठ आपण वरून घालतो, तेही लोणच्याच्या फोडीने, आणि डब्यात ते दुसऱ्याने आधीच घालून ठेवलेलं असतं.

बाबांनी कंडेन्स्ड सूप चाखलं आणि म्हणाले कढी म्हणून भातावर बरं लागेल. घातलं. बरं लागलं, खोटं कशाला बोलू. आईने त्यात ओलं खोबरं घालू का विचारलं तेव्हा मी डबा उचलून बाजूला ठेवला.

आता रेटिंग. 400 ग्रॅमवाल्याला चार स्टार, पाऊस, दोन पोया आणि एकटा माणूस असेल तर एक डबा, नुसती सुरुवात म्हणून असेल तर अर्धा. कंडेन्स्डला तीन, एकट्याला अर्धा डबा अधिक तेवढंच पाणी, फ्रिज चालू असेल तरच घ्या, आणि स्टिकर खरवडल्याशिवाय गॅस पेटवू नका. जाडजूड चिकनवाल्याला चवीचे साडेचार, पण तो एकट्याने उघडू नका. पैशांचं म्हणाल तर दोन्ही विकतचे डबे मिळून खाणावळीच्या पाच थाळ्या झाल्या असत्या, त्यामुळे हा रोजचा धंदा नव्हे, ज्या दिवशी छत्री उलटी होते त्या दिवशीपुरता.

काल परत त्या सुपरमार्केटात गेलो होतो. माझ्या पुढे एक कॉलेजची मुलगी कंडेन्स्डचे दोन डबे घेऊन उभी, तिने काकांना विचारलं किती जणांना होतील, आणि काका बिलाकडे बघत म्हणाले, "एकल्याक एक." मी तिला म्हटलं, दोन डब्यांत चार जण जेवतील, पाणी घालायला विसरू नकोस. काकांनी पहिल्यांदाच वर बघितलं.

"उदक घालचें पडटा?"

म्हटलं, हो काका, डबाभर. त्यांनी डबा उलटापालटा करून बघितला, स्टिकरवरून अंगठा फिरवला आणि खाली ठेवला. बाहेर पाऊस धरलाच होता, मी एक 400 ग्रॅमवाला घेतला आणि पोदेर निघून जायच्या आत धावलो.